विहाराबाहेर राहिलेली आपली मुले

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला 'युवक आणि धम्म' या विषयावर दोन शब्द बोलायला सांगितले आहे. या विषयावर दरवर्षी काय बोलले जाते ते तुम्हाला पाठ आहे. व्यसन सोडा, मोबाईल कमी करा, अभ्यास करा, स्पर्धा परीक्षा द्या. त्यात खोटे काही नाही. पण ते सगळे इथे येऊन बसलेल्या पोरांसाठी असते. आज आम्ही इथे न आलेल्या पोरांविषयी बोलणार आहोत. आले नाहीत म्हणण्यापेक्षा, ज्यांना आणले गेले नाही, त्यांच्याविषयी.

आपल्या वस्त्यांमध्ये अशी घरे आहेत. चौदा एप्रिलला सगळी आळी निळी होते, मिरवणूक निघते, आणि एका घराची कडी आतून लावलेली असते. आत तेरा-चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा कानावर हात ठेवून पुढे-मागे झुलत असतो आणि त्याची आई त्याच्याजवळ बसून असते. बाप मिरवणुकीत येतो, भाऊ-बहीण येतात. ती दोघे येत नाहीत. त्यांना कोणी 'येऊ नका' म्हटलेले नसते, आणि 'या' असेही कोणी म्हटलेले नसते.

ही मुले स्वमग्न असतात. डॉक्टर त्याला ऑटिझम म्हणतात. आम्ही गिरणीत काम करणारा माणूस, डॉक्टर नाही. मिळेल ते वाचले, जाणकारांना विचारले, आणि या मुलांच्या आईबापांजवळ बसून ऐकले. त्यातून जे कळले ते तुमच्यापुढे ठेवतो.

स्वमग्नता हा रोग नाही, तापासारखा येऊन जाणारा तर नाहीच. मेंदूची घडणच जन्मापासून थोडी वेगळी असते. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी अकरा मुलांचा अभ्यास छापला, तेव्हापासून वैद्यकशास्त्रात ही गोष्ट ठळकपणे मांडली गेली. या मुलांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव, बोलण्यातली खोच, थट्टा चटकन उमगत नाही. काही अजिबात बोलत नाहीत, काही खूप बोलतात पण एकाच विषयावर. रोजचा क्रम मोडला की घाबरतात. एखादी गोष्ट पुन्हापुन्हा करतात. काही मुलांना शिकायला फार जड जाते, काही अभ्यासात आपल्या पोरांच्या पुढे असतात. सगळी एका साच्यातली नसतात. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, की २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न होता. आता तुम्हीच हिशेब करा. आज या मंडपात आणि मंडपाबाहेर आपण किती जण आहोत, आणि आपल्या वस्तीत अशी किती मुले असायला हवीत.

आवाजाचे आम्हाला गिरणीमुळे समजले. रिंग खात्यात पहिल्या दिवशी आलेला माणूस कानावर हात ठेवतो, त्याला काही सुचत नाही. महिनाभरात सवय होते. आवाज तेवढाच असतो, पण डोके तो बाजूला सारायला शिकते. या मुलांच्या मेंदूला हे बाजूला सारणे पुष्कळदा जमत नाही. पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची गुणगुण, कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही, सगळे एकदम आत शिरते. काहींना कपड्याची शिवण टोचते, काहींना कोणी पाठीवर हात ठेवलेला सहन होत नाही. म्हंजे त्या पोराचा रोजच खात्यातला पहिला दिवस असतो. मग ते ओरडते, पळते, स्वतःला चावते. आपण म्हणतो, लाडावलंय, वळण नाही.

बंधू-भगिनींनो, यातून दोन वाईट गोष्टी आपल्या समाजात बोलल्या जातात. त्या आज विहारात उभे राहून खोडून काढल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, मागच्या जन्माचे पाप. हे वाक्य आपल्या बौद्ध घरांत, बुद्धाच्या तसबिरीखाली बसून बोलले जाते. प. पू. डॉ. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आपण वर्षावासात वाचतो. मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, ही शिकवण बुद्धाची नव्हे, असे बाबासाहेबांनी त्यात स्पष्ट मांडले आहे. ते का मांडले? कारण याच तत्त्वाने आपल्या वाडवडिलांना सांगितले गेले होते, की तुम्ही गावाबाहेर आहात ते तुमच्याच कर्माने. ते आपण झुगारले. आणि आता तेच आपण एका पोराच्या माथी मारणार? त्याच्या आईच्या माथी मारणार?

दुसरी गोष्ट, आईचा दोष. तिने लक्ष दिले नाही, तिने मोबाईल दिला, तिने नोकरी केली. परदेशातही एके काळी काही तज्ज्ञ म्हणत, की आईच्या थंडपणामुळे मूल असे होते. शास्त्राने ते टाकून दिले. लसीमुळे होते असे म्हणणारा एक लेख १९९८ साली इंग्लंडच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, तो त्या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. तेव्हा लस चुकवू नका आणि बाईला बोल लावू नका. तिचे आधीच काय कमी चालले आहे?

आता मुद्द्यावर येतो. आम्ही तेरा ते एकोणीस या वयाचेच का बोलतो आहोत?

मूल चार वर्षांचे असते तेव्हा सगळे सांभाळून घेतात. वंदनेत मध्येच उठले, पळाले, तर लोक हसतात आणि उचलून घेतात. तेच पोर चौदा वर्षांचे झाले, मिसरूड फुटले, आवाज फुटला, अंगात बळ आले, की त्याच वागण्याला लोक घाबरतात. शाळेत असले तर वर्गात बसू देतात, पण स्नेहसंमेलनात घेत नाहीत, सहलीला नेत नाहीत, मैदानावर संघ निवडताना त्याचे नाव कोणी घेत नाही. सोबतची पोरे क्रिकेटला, क्लासला, गणवेश घालून समता सैनिक दलाच्या संचलनाला जातात. हे घरात. मुलगी असेल तर वयात आल्यावर आई तिला नजरेआड होऊ देत नाही, आणि तिची भीती खोटी नाही. म्हणून मुलीचे दार आणखी लवकर बंद होते. पुढे थोरल्या मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, की या पोराला पाहुण्यांसमोर आणत नाहीत. ज्या वयात माणूस घरातून समाजात पाऊल टाकतो, त्याच वयात ही मुले समाजातून घरात जातात.

हे फक्त गरिबांच्या वस्तीत होते असे समजू नका. अमेरिकेसारख्या देशात, जिथे खास शाळा आहेत, कायदे आहेत, तिथे २०११ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. किशोरवयीन स्वमग्न मुलांच्या पालकांना विचारले गेले. त्यात दिसले, की १०० पैकी ४३ मुले शाळेबाहेर मित्रांना कधीच भेटत नव्हती. ५४ मुलांना मित्राचा फोन कधीच येत नव्हता. आणि ५० मुलांना कोणी कुठल्याही कार्यक्रमाला कधीच बोलावले नव्हते. बघा, निम्म्या मुलांना एकदाही निमंत्रण नाही. पैसा, इमारत, डॉक्टर सगळे असून 'तू पण चल' म्हणणारा माणूस नाही.

या निमंत्रणाच्या गोष्टीवरून आपल्याच परंपरेतली एक कथा सांगतो. धम्मपदाच्या अट्ठकथेत चुल्लपंथक नावाच्या भिक्खूची कथा येते. त्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही. त्याचा थोरला भाऊ महापंथक हाही भिक्खू होता. तो म्हणाला, तुझ्याने होणार नाही, तू घरी जा. इतकेच नाही. राजगृहात जीवक वैद्याने भिक्खू संघाला भोजनाचे निमंत्रण दिले, तेव्हा महापंथकाने यादीतून याचे नाव वगळले. चुल्लपंथक विहार सोडून निघाला. भगवान बुद्धांनी त्याला अडवले, आणि गाथा पाठ कर असे पुन्हा सांगितले नाही. एक स्वच्छ पांढरे कापड त्याच्या हातात दिले आणि म्हटले, हे हाताने चोळत बस आणि मळ जाण्याचा एवढा एकच शब्द म्हणत राहा. चोळता चोळता कापड मळले, आणि सगळे बदलते, काहीच जसेच्या तसे राहत नाही, हे त्याला त्या कापडावर कळले. तिकडे जीवकाच्या घरी पंगत बसली होती. वाढायला सुरुवात होणार तोच बुद्धांनी आपल्या पात्रावर हात ठेवला. विहारात अजून एक भिक्खू मागे राहिला आहे, असे सांगितले. त्याला बोलावून आणले गेले.

चुल्लपंथक स्वमग्न होता असे आम्ही म्हणत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा दाखला आपण काढू शकत नाही. कथेतले चमत्कारही बाजूला ठेवा. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. गुरूने शिष्याला पद्धतीत बसवले नाही, शिष्याला जमेल अशी पद्धत शोधली. आणि एक जण मागे राहिला असताना पंगत सुरू होऊ दिली नाही.

आपल्या विहाराची पंगत दरवर्षी सुरू होते. बुद्धपौर्णिमेचे खीरदान होते, वर्षावासाचा समारोप होतो, धम्मचक्र प्रवर्तन दिन होतो. पात्रावर हात ठेवून 'अजून कोण राहिले?' असे विचारणारा आपल्यात कोण आहे?

काही जण आम्हाला म्हणतात, दादा, भावना चांगली आहे, पण ही पोरं येऊन करणार काय? त्यांना कळणार काय? या प्रश्नाचे उत्तर दोन प्रकारे देता येते.

एक उत्तर असे. मुंबईत जिया राय नावाची मुलगी आहे. वडील नौदलात. आपण छावणीला लागून असलेल्या गावचे, फौजी घरातले आयुष्य कसे असते ते आपल्याला माहीत आहे. ही मुलगी स्वमग्न आहे. पाण्यात उतरली आणि तिला पाणी मानवले. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी, वय वर्षे बारा असताना, वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर अंतर तिने ८ तास ४० मिनिटांत पोहून पार केले. २०२२ साली तिला प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मार्चमध्ये श्रीलंकेच्या तलाईमन्नारपासून धनुष्कोडीपर्यंतची पाल्कची सामुद्रधुनी ती पोहली, आणि जुलै २०२४ मध्ये इंग्लिश खाडी. तेव्हा 'करणार काय?' असे विचारणाऱ्याला हे सांगता येते. आम्ही सांगतोही. ऐकून आईबापांची छाती फुगते.

पण आम्हाला दुसरे उत्तर जास्त महत्त्वाचे वाटते. जिया रायचे कौतुक करून आपण घरी गेलो, तर शेजारच्या पोराच्या आईला उलट ओझे होते. माझे पोर पोहत नाही, गात नाही, चित्र काढत नाही, मग त्याला बाहेर आणायचा मला काय अधिकार, असे तिला वाटते. बंधूंनो, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले, तेव्हा 'आधी तुमची लायकी सिद्ध करा, मग पाणी प्या' ही अट त्यांनी मान्य केली होती का? २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे आपली माणसे बसली, ती परीक्षा पास होऊन बसली होती का? तो लढा पाण्यापुरता किंवा दर्शनापुरता नव्हता. सार्वजनिक जागी माणूस म्हणून बरोबरीने उभे राहण्याचा होता. माणूस आहे एवढी एकच पात्रता त्याला लागते. बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. त्यात पुढे 'बोलता येणारी', 'शांत बसणारी' असा खुलासा केलेला नाही. मग या पोराला पदक मिळवून स्वतःला माणूस सिद्ध करायला आपण का लावायचे? तो आला, दारात उभा राहिला, पाच मिनिटांनी निघून गेला, तरी तो आला. तेवढे पुरे.

यातच एक सावधगिरी सांगतो. मागे एका रविवारी वंदनेच्या वेळी असाच एक मुलगा आईबरोबर आला होता. आत बसेना. बाहेर व्हरांड्यात गेला आणि पडलेल्या सगळ्या चपला त्याने जोडीजोडीने, मापाप्रमाणे रांगेत लावल्या. इतक्या नेटक्या, की लोक बाहेर आल्यावर बघतच राहिले. कोणीतरी चांगल्या मनाने म्हणाले, वा, याला हेच काम देऊ, दर रविवारी चपला लावील. त्याची आई पटकन म्हणाली, नको. आमच्या सासऱ्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या दारात केले ते माझ्या पोराने विहारात करायचे नाही.

त्या माउलीचे शंभर टक्के बरोबर होते. मुलाने आपल्या आनंदाने चपला लावल्या तर लावू द्या. पण समाज जेव्हा काम नेमून देतो, तेव्हा तो माणसाची जागा नेमून देत असतो, हे आपल्याइतके कोणाला कळते? या मुलांना सामील करून घ्यायचे म्हणजे झाडू, चपला आणि पाण्याची टाकी त्यांच्या गळ्यात घालायची नाही. ज्या मुलाला जोड्या लावता येतात, क्रम पाळता येतो, त्याला विहाराच्या वाचनालयाची पुस्तके नंबरवार लावायला द्या. नोंदवही द्या. वंदनेआधी मेणबत्त्या आणि फुले मांडायचा मान द्या. त्या मुलाने आता वाचनालयाची दोन कपाटे लावली आहेत. कोणते पुस्तक कोणत्या खणात आहे ते तो न बघता दाखवतो, आणि पुस्तक चुकीच्या जागी ठेवणाऱ्याला सोडत नाही. अध्यक्षांनाही सोडत नाही.

आता करायचे काय ते मुद्द्याने सांगतो. याला फार पैसा लागत नाही.

पहिले, आधी सांगा. अनोळखी गोष्ट अचानक समोर आली की ही मुले बिथरतात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी विहार मोकळा असताना मुलाला आणा, जागा दाखवा. आधी काय, मग काय, शेवटी काय, हे चार चित्रे काढून कागदावर लावा. त्रिसरण-पंचशील, गाथा, प्रवचन, खीर. क्रम ठरलेला असेल आणि आपण तो पाळला, तर मूल टिकते. आपण मात्र सहाचा कार्यक्रम आठला सुरू करतो. वेळ पाळली तर सगळ्यांचेच भले होईल.

दुसरे, एक शांत कोपरा ठेवा. मागची खोली, एक सतरंजी, पाण्याचा तांब्या. गर्दी असह्य झाली की मुलाने तिथे जावे आणि बरे वाटल्यावर परत यावे. त्याच्यामागे पळू नये, त्याला धरून आणू नये.

तिसरे, मिरवणूक. डीजेच्या भिंतीपुढे आपलीच धट्टीकट्टी माणसे कानात बोळे घालतात. जयंतीच्या मिरवणुकीचा पहिला टप्पा, विहारापासून चौकापर्यंत, फक्त लेझीम आणि पंचशील ध्वज घेऊन काढू. त्या टप्प्यात ही मुले, म्हातारी माणसे, बाळंतिणी सगळे चालतील. पुढे ज्यांना नाचायचे ते नाचोत. बाबासाहेबांची जयंती साऱ्या समाजाची आहे, तर निदान एका चौकापर्यंत तरी सारा समाज चालू दे.

चौथे, जोडीदार. प्रत्येक मुलामागे त्याच्याच वयाचा एक मुलगा, मुलीमागे एक मुलगी. शिकवायला किंवा राखण करायला नव्हे, सोबतीला. त्याला काय आवडते, काय टोचते, हे त्या जोडीदाराने आईकडून समजून घ्यायचे. थोडक्यात बोलायचे, एका वेळी एक गोष्ट सांगायची, उत्तराची वाट बघायची, विचारल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही. डोळ्यांत बघून बोल, असा हट्ट धरायचा नाही. न बघताही ते ऐकत असते.

पाचवे, ओळख. असा मुलगा कधी घरातून निघून जातो आणि भलत्याच आळीत सापडतो. विचारले तर नाव सांगत नाही. लोक चोर समजतात, आणि जमाव जमला की काय होते ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून मंडळाच्या पोरांना आणि चौकातल्या दुकानदारांना हा मुलगा ओळखीचा पाहिजे. विहारात येणारा मुलगा शंभर माणसांना माहीत होतो. घरात कोंडलेला कोणालाच माहीत नसतो. लपवण्याने पोर सुरक्षित राहते हा समज उलटा आहे.

सहावे, शिकून घ्या. नुसत्या दयेने हे जमत नाही, रीत लागते. सावित्रीमाईंनी याच नगरमध्ये मिस फरार यांच्याकडे शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. मुलींना शिकवायचे तर आधी शिकवायला शिकावे लागते, हे त्यांनी मानले. आपल्या धम्मवर्गाच्या शिक्षकांनीही एखाद्या विशेष शिक्षकांना बोलावून दोन रविवार शिकून घ्यावे.

आता कायद्याचे थोडे. १९९५ सालच्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आले, त्यात स्वमग्नता आहे. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या १६ व्या कलमात शाळांवर जबाबदारी आहे, की या मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि खेळ-करमणुकीतही इतरांच्या बरोबरीने संधी द्यायची. म्हंजे स्नेहसंमेलनातून पोराला वगळणे ही नुसती गैरसोय नाही, तो हक्कभंग आहे. ॲट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा आपल्याला तोंडपाठ आहे. तसेच या कायद्याचे ९२ वे कलम आहे. दिव्यांग माणसाचा चारचौघांत हेतुपुरस्सर पाणउतारा केला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तेव्हा चौकात बसून 'येडा आला, खुळा आला' म्हणणाऱ्या आपल्याच पोरांनी हे ऐकून ठेवावे. शिवी काय असते ते आपल्याला दुसऱ्यांनी शिकवले आहे. ती पुढे द्यायची नाही.

पालकांनी कागद करून घ्यावेत. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून शासकीय रुग्णालयात तपासणी होते, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळते. दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती असतात. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे, तिची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये. आणि पोर अठरा वर्षांचे झाले, की कायद्याने ते सज्ञान होते. त्याला गरज असेल तर कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. ऑनलाइन अर्ज भरता न येणाऱ्या घरांसाठी आपल्या शिकलेल्या पोरांनी महिन्यातून एक संध्याकाळ विहारात बसावे. ही समाजसेवा भाषणापेक्षा मोठी आहे.

शेवटी आईबापांना हात जोडून सांगतो. आमच्यानंतर याचे कोण बघेल, हा तुमच्या मनातला प्रश्न आम्हाला माहीत आहे. रात्री झोप येऊ देत नाही तो. त्याचे पूर्ण उत्तर आमच्याकडे नाही, सरकारकडेही अजून पुरेसे नाही. पण एवढे कळते, की ज्याला कोणी ओळखत नाही त्याचे कोणी बघत नाही. आज पंधराव्या वर्षी जो मुलगा वस्तीतल्या पन्नास घरांना नावाने माहीत आहे, त्याला पन्नासाव्या वर्षी हाक मारणारे चार जण तरी असतील. ती माणसे आत्ताच जोडावी लागतात. तेव्हा त्याला आणा. ओरडला तर ओरडू द्या. भंतेजींचे प्रवचन दोन मिनिटे थांबेल, धम्म थांबणार नाही.

समितीला आमची एकच विनंती आहे. या वर्धापनदिनी ठराव करावा, की विहाराच्या प्रत्येक कार्यक्रमाआधी दोन कार्यकर्ते अशा घरी स्वतः जाऊन निमंत्रण देतील. पत्रिका खिडकीतून टाकून येणार नाहीत. दारात उभे राहून, पोराचे नाव घेऊन, त्यालाच सांगतील, रविवारी ये, तुझी जागा ठेवली आहे. मूल उत्तर देणार नाही कदाचित. वर बघणारही नाही. तरी सांगायचे. आणि पुढच्या वेळी पुन्हा जायचे.

एवढे बोलून थांबतो. जयभीम. नमो बुद्धाय.